इंग्रजी ही शेतकऱ्याचीसुद्धा भाषा आहे

काही मोठी माणसे म्हणतात, "इंग्रजी ही साहेबाची भाषा. शेतकऱ्याच्या पोरांना ती जमायची नाही." मला हे अजिबात पटत नाही. माझे मत असे आहे की, इंग्रजी ही शेतकऱ्याचीसुद्धा भाषा आहे. हे मी उगीच म्हणत नाही. आमच्या बाईंनी मोठ्या शब्दकोशातून काही शब्द काढून समजावून सांगितले. ते मी वहीत उतरून घेतले आहेत.

पहिला शब्द व्हीट, म्हणजे गहू. व्हाइट म्हणजे पांढरा. हे दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत, कारण गव्हाचे पीठ पांढरे असते. गव्हाच्या ओंबीला इंग्रजीत इअर म्हणतात. कानालाही इअरच म्हणतात. आम्ही लई हसलो, गव्हाला कान! पण बाई म्हणाल्या, हे दोन शब्द वेगवेगळे आहेत, फक्त दिसतात सारखे. चाफ म्हणजे चाफ्याचे फूल नाही बरं का. चाफ म्हणजे फोलकट.

आता कामाचे शब्द बघा. कापणी झाली की पेंढी बांधतात, ती शीफ. इंग्लंडात पूर्वी बैलांची पात धरत नसत. दोन काठ्या चामड्याने जोडून त्या अवजाराने धान्य झोडपत. त्या कामाला थ्रेश म्हणत. मारणे या अर्थाचा थ्रॅश हा शब्द त्यातूनच निघाला. आपण भात झोडतो आणि खोड्या करणाऱ्या पोरालाही झोडतो, तसेच हे. विनो म्हणजे उपणणे. हा शब्द विंड म्हणजे वारा यावरून आला. वारा पडला की आपले आजोबा वावडीवर नुसते उभे राहत, तसाच तिकडचा शेतकरीही वाऱ्याची वाट बघत असणार. रानात पडलेली कणसे गोरगरीब वेचतात, त्याला आपण सरवा म्हणतो. त्यांच्याकडे त्या वेचण्याला ग्लीन म्हणतात. म्हणजे तिकडेही सरवा वेचणारी गरीब माणसे होतीच की!

कॉर्न शब्दाची तर गंमतच आहे. अमेरिकेत कॉर्न म्हणजे मका. इंग्लंडात कॉर्न म्हणजे धान्य, जास्त करून गहू. स्कॉटलंडात कॉर्न म्हणजे ओट. ज्या मुलखात जे मुख्य पीक, तेच कॉर्न. इंग्लंडात १८१५ साली कॉर्न लॉ नावाचा कायदा झाला. बाहेरचे स्वस्त धान्य देशात येऊ नये म्हणून तो केला होता. त्यामुळे गरिबांची भाकरी महाग झाली. १८४६ साली तो रद्द करायचे ठरले. त्या कायद्यातले कॉर्न म्हणजे मका असे कोणी समजू नये.

मोजमापेसुद्धा धान्याचीच. आपली चार शेरांची एक पायली, तसे त्यांचे चार पेकांचे एक बुशेल. अमेरिकेत गव्हाचा भाव अजून बुशेलवरच सांगतात. एक बुशेल गहू म्हणजे सुमारे २७ किलो. जवाचे तीन दाणे लांबीला लांबी लावून ठेवले की एक इंच होई. बुटाचा इंग्रजी नंबर एकने वाढला की लांबी जवाच्या एका दाण्याएवढी वाढते, म्हणजे इंचाचा तिसरा भाग. साहेबाच्या बुटातसुद्धा जवाचा दाणा आहे!

आणि साहेब कोण? लॉर्ड या शब्दाचा जुना अर्थ भाकरी राखणारा. लेडी म्हणजे भाकरीचे पीठ मळणारी. माझी आई रोज पहाटे उठून पीठ मळते. म्हणजे आमच्या गावात घरोघरी लेडी आहेत.

कोणी म्हणेल, "आता यंत्र आले. जुने शब्द हवेत कशाला?" पण त्या यंत्राला आपण काय म्हणतो? थ्रेशर! शाळेत न गेलेली माणसेही म्हणतात, "थ्रेशर कधी येणार?" झोडपण्याचे ते जुने अवजार गेले, पण त्यांनी शब्द टाकला नाही, यंत्राला दिला. हार्वेस्टरचेही तसेच. हार्वेस्टचा जुना अर्थ पीक काढायचा हंगाम, म्हणजे आपली सुगी. आपले मात्र उलटे झाले. खळे गेले आणि तिवडा हा शब्दही चालला. आमच्या वर्गातल्या पुष्कळ मुलांना तिवडा माहीत नाही. खळ्याच्या मधोमध जो खांब रोवत आणि ज्याच्याभोवती बैल फिरत, तो तिवडा. हे मला वाईट वाटते.

म्हणून माझे म्हणणे असे. ए फॉर ॲपल शिकवा, पण आमच्या रानात सफरचंद नाही. डब्ल्यू फॉर व्हीट आधी शिकवा, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. वर्गात एक तक्ता लावावा. एका बाजूला ओंबी, पेंढी, सरवा, उपणणे, कोंडा. दुसऱ्या बाजूला त्यांचे इंग्रजी शब्द. आपले शब्द घरी आजी-आजोबांना विचारून आणायचे, इंग्रजी शब्द बाईंकडून घ्यायचे. मग कोणाला इंग्रजीची भीती वाटणार नाही आणि आपले शब्दही राहतील.

मित्रांनो, तुम्हांला काय वाटते ते पुढच्या भित्तिपत्रकात जरूर लिहा.

— इयत्ता ४ थीतील एक विद्यार्थी