पोरांची आणेवारी

आमच्या हिंगणीत दरवर्षी दोन आणेवाऱ्या ठरतात. एक पिकांची आणि दुसरी पोरांची. पहिली सरकार ठरवते आणि तिच्या नावाने आम्ही सारे गावकरी बोटे मोडतो. दुसरी आम्ही स्वतः ठरवतो आणि तिच्याबद्दल आम्हाला भारी अभिमान आहे. या लेखात मला पहिलीचे थोडे समर्थन आणि दुसरीचा पुरता निषेध करावयाचा आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर निषेध वाचावा लागणार म्हणून वाचकांनी कपाळाला आठी घालू नये. कारण ज्या गुन्ह्याबद्दल मी बोलणार आहे, तो बहुतेक वेळा फराळाच्या ताटाभोवतीच घडतो, आणि त्यातला एक मोठा गुन्हा माझ्याच हातून घडलेला आहे.

शहरातल्या वाचकांसाठी आधी आणेवारी म्हणजे काय ते सांगतो. पीक किती आले हे पूर्वी रुपयाला किती आणे या मापाने ठरवीत. आणे गेले, पैसे आले, सरकारी कागदावर 'पैसेवारी' झाली. पण आमच्या जिभेवर आणेवारीच राहिली. पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाई, वर गेली तर सारे आलबेल. खरिपाची ही पैसेवारी आमच्याकडे एका दमात ठरत नाही. सप्टेंबरअखेर नजर अंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरअखेर अंतिम. मध्ये पीक कापणीचे प्रयोग होतात. वावरातला ठरावीक तुकडा मोजून, कापून, मळून, दाणा तराजूत घालून पाहतात. इतके करूनही ती चुकते, असे आम्ही म्हणतो, आणि पुष्कळदा खरेच म्हणतो.

आता आमची दुसरी आणेवारी पाहा. सोयाबीन निघून गेले की एखादे वावर पडीत पडते. तिथे पोरे दांडू रोवतात आणि आम्ही चहाचे पेले घेऊन कडेला बसतो. कोणी निवृत्त, कोणी दुकानदार, कोणी वर्ध्याहून सुटीवर आलेला. चार चेंडू पाहिले की निकाल तयार. "हा पोट्टा इंडियात खेळनच!" "तो नाही टिकत. पायच हालत नाही त्याचा." बारा वर्षांच्या एका पोराला सोळा आणे आणि त्याच्या सख्ख्या भावाला सहा. ना कापणी, ना तराजू, ना सुधारित अंदाज. अलीकडे हातात मोबाईल आले, त्यामुळे पोराच्या चार चेंडूंचे चित्रण पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांपर्यंत जाते आणि ज्यांनी हिंगणी कधी पाहिली नाही तेही आपापले आणे टाकतात. या सरकारी नोकरीची जागा आमच्यापैकी कोणालाही मिळाली असती, तर शेतकऱ्यांनी आमची गाढवावरून धिंड काढली असती.

मी या मंडळीत बरीच वर्षे पुढच्या ओळीत होतो. शाळामास्तर असल्यामुळे माझ्या शब्दाला वजन होते, आणि तेच वजन एका पोराच्या पाठीवर पडले.

२०११ च्या नोव्हेंबरात खापरखेड्याचा उमेश यादव दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटीत उतरला. विदर्भाकडून खेळून कसोटीपर्यंत पोहोचलेला तो पहिलाच. कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा! साऱ्या विदर्भातल्या पारांवर त्या दिवशी जो तो आपापल्या गावचा 'दुसरा उमेश' शोधू लागला. आमचा दुसरा उमेश मी शोधला. माझ्याच वर्गातला, मजुराचा मुलगा. नाव सांगत नाही. ते आम्ही पुरेसे मिरवले आहे. चौदाव्या वर्षी त्याला मिसरूड फुटली होती, खांदे बापाएवढे होते आणि रबरी चेंडू असा टाकायचा की समोरचा पोरगा बॅट सोडून बाजूला व्हायचा. मी त्याच्या बापाला बोलावून म्हणालो, "आता याच्या वह्या-पुस्तकांवर पैसा घालू नकोस, जोड्यांवर घाल." बापाने दोन बकऱ्या विकल्या आणि खिळ्यांचे जोडे आणले.

२०१२ च्या दिवाळीत तो पोरगा म्हणजे गावाचे प्रदर्शन झाला. ज्याच्या घरी पाहुणा येई, तो फराळ आटोपून त्याला वावरात नेई आणि पोराला हाक मारी. "टाक रे दोन-चार! पाहुण्यांना दिसू दे." पूर्वी पाहुण्यांपुढे लहान मुलांना कविता म्हणायला उभे करीत, तसा हा प्रकार, फरक इतकाच की कविता म्हणून पाठीचा मणका झिजत नाही. सकाळी तीन पाहुणे, संध्याकाळी चार, रविवारी सामने. पाठ दुखते म्हणाला, तेव्हा आम्ही हळद घातलेले दूध सुचवले. वाढीचे अंग आहे, असे मीच म्हणालो. पुढे वर्ध्याच्या डॉक्टरांनी छायाचित्र काढले, तेव्हा कमरेच्या मणक्याला चीर निघाली. कोवळ्या वेगवान गोलंदाजाला होणारी ही नेहमीची दुखापत. तिच्याच भयाने इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने मुलांनी एका हप्त्यात किती आणि दिवसात किती षटके टाकावीत याची वयानुसार मर्यादा घालून दिली आहे. आमच्या वावरात मर्यादा एकच होती: पाहुणे संपेपर्यंत.

कित्येक महिने तो पडून राहिला. उठला तेव्हा सोळावे लागले होते आणि बरोबरीच्या पोरांनी त्याची उंची गाठली होती. निवड चाचणीला गेला, निवडला गेला नाही. त्यात निवडणाऱ्यांचा दोष मी काढणार नाही. त्यांनी समोर जे होते ते पाहिले. खरा दोष त्यानंतर पाराखाली दिसला. ज्या तोंडांनी सोळा आणे दिले होते, त्याच तोंडांनी "हवाच भरली होती" असा अंतिम निकाल दिला. बकऱ्या कोणी परत केल्या नाहीत. मीही नाही.

आता ज्या उमेश यादवच्या नावाने हे सारे झाले, त्याच्याकडे पाहा. वीस वर्षांचा होईपर्यंत त्याचा कातडी चेंडूशी म्हणण्यासारखा संबंध नव्हता. पोलिसात शिपाई होण्याची खटपट त्याने केली आणि ती फसली. २००८ मध्ये तो विदर्भाकडून रणजी खेळला. म्हणजे चौदाव्या वर्षीचा पहिला उमेश आमच्या वावरात आला असता, तर आम्ही त्याला दोन आणेसुद्धा दिले नसते! विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला तो २०१७-१८ च्या हंगामात, इंदूरला दिल्लीविरुद्ध. त्या अंतिम सामन्यात लागोपाठ तीन बळी घेणारा रजनीश गुरबानी हा शिकलेला अभियंता होता. वह्या-पुस्तकांवर घातलेला पैसा त्याच्या हाताच्या आड आला नाही.

आमच्या डोळ्यांना दिसते काय, हा खरा प्रश्न आहे. मला वाटते, आम्हाला गुण दिसत नाही, वय दिसते. याचा शोध आमच्याकडे लागला नाही, लागला कॅनडात. तिथे बर्फावर हॉकी खेळतात आणि तिथल्या शौकिनांना कोवळ्या पोरांचे भविष्य सांगण्याचे आमच्याहून दांडगे व्यसन आहे. १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, निवडल्या गेलेल्या मुलांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांचाच भरणा फार मोठा असतो. कारण साधे होते. वयोगट १ जानेवारीला मोजत, म्हणून जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने थोराड. थोराड म्हणून निवडला गेला, निवडला गेला म्हणून त्याला चांगला शिक्षक आणि जास्त सराव मिळाला, आणि मग सारे म्हणाले, "पाहा, आमची नजर!" आपल्या वयोगटाच्या क्रिकेटमध्ये १ सप्टेंबर ही तारीख धरतात, एवढाच फरक. माझा चौदा वर्षांचा वीर लवकर वयात आला होता, इतकेच. मी मिसरुडीला प्रतिभा समजलो.

कोणी म्हणेल, तुम्ही पडलात मास्तर, तुमची नजर कच्ची, जाणत्यांचे वेगळे. तर जाणत्यांचेही पाहू. याच हॉकीच्या मोठ्या व्यावसायिक संघांत दरवर्षी अठरा वर्षांच्या आसपासची मुले क्रमाने निवडतात. गावोगाव हिंडून पोरे हेरणारी पगारी माणसे त्यासाठी ठेवलेली असतात. १९९३ मध्ये ओटावाच्या संघाने अलेक्झांडर डेगल याला सर्वांत आधी उचलले. आता युगपुरुष आला असा गाजावाजा झाला. त्याच्या हातून तसे काही घडले नाही. त्या वर्षी दुसरा निवडला गेलेला ख्रिस प्राँगर थोरांच्या मालिकेत जाऊन बसला. १९९८ मध्ये रशियाचा पावेल दात्स्युक निवडला गेला तो १७१ वा. म्हणजे जगातल्या जाणत्यांनी त्याच्याआधी १७० पोरांना पसंती दिली होती! दात्स्युकने पुढे दोनदा स्टॅन्ली करंडक जिंकला. रात्रंदिवस हाच धंदा करणाऱ्यांची ही गत, तर चहाच्या पेल्यावरच्या आमच्या नजरेची काय कथा?

आपल्या घरचेही उदाहरण आहे. १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या आझाद मैदानावर शारदाश्रम शाळेच्या तेंडुलकर आणि कांबळी या दोन मुलांनी ६६४ धावांची भागी केली. त्या दिवशी धावा पाहून कोणी आणे वाटले असते, तर कांबळीला कणभर जास्तच पडले असते. त्याच्या ३४९, सचिनच्या ३२६, दोघेही नाबाद. पुढे सचिन २०० कसोट्या खेळला. कांबळीने १७ कसोट्यांत ५४ ची सरासरी राखली आणि १९९५ नंतर तो कसोटीत दिसला नाही. आणि तिसरा? पायाला पॅड बांधून आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेला अमोल मुझुमदार. रणजीच्या पहिल्याच सामन्यात त्याने २६० धावा केल्या, पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर गेला, पण भारताकडून एकदाही खेळला नाही. आमच्या हिशेबी तो वाया गेला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक हाच अमोल मुझुमदार होता. कोणत्या पारावरच्या भविष्यवाद्याने हे सांगितले होते? आणि त्या मुलींपैकी किती जणींना लहानपणी गावाने चार आणे तरी दिले असतील?

माझ्यावर नेहमी टाकला जाणारा गुगली आता खेळतो. "मास्तर, २०२४ मध्ये वैभव सूर्यवंशी या तेरा वर्षांच्या पोरावर आयपीएलमध्ये १ कोटी १० लाखांची बोली लागली, आणि पुढच्याच एप्रिलात त्याने ३५ चेंडूंत शतक ठोकले. मग ती नजर खरी नव्हे?" खरी ठरली, मान्य. पण बोली लावणाऱ्याने स्वतःचा पैसा लावला होता. अंदाज चुकला असता तर खड्डा त्याच्या तिजोरीत पडला असता. आमचा अंदाज चुकला की खड्डा कोणाच्या घरात पडतो? ज्याला तोट्याची झळ नाही त्याने भाव सांगू नये, हा बाजाराचा साधा नियम आहे. आम्ही दुसऱ्याच्या पोरावर दुसऱ्याच्याच बकऱ्या लावतो.

मग कौतुकही करायचे नाही काय? करा, मनापासून करा! पण झालेल्या चेंडूचे करा, होणाऱ्या नशिबाचे नको. "छान टाकलास" हे कौतुक आहे. "तू मायबापाचे पांग फेडणार" हे कर्ज आहे, आणि ते चौदा वर्षांच्या मुलाच्या नावावर त्याला न विचारता काढलेले आहे. आणेवारी करण्याची खाज फारच असेल, तर आपल्या गावच्या मैदानाची करा. त्यावर दगड किती, पाण्याची सोय किती, मुलींना खेळायला जागा किती, पोराच्या ताटात डाळ-दूध किती, दुखले तर तपासायला कोण. या बाबतीत आमच्या हिंगणीची अंतिम आणेवारी मी आजच जाहीर करतो: पन्नास पैशांच्या पुष्कळ आत. टंचाई पोरांत नाही, आमच्यात आहे.

तो मुलगा आता सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा आहे, ट्रॅक्टर चालवतो. दरवर्षी पाडव्याला येऊन पाया पडतो आणि मला दरवर्षी पाय ओढून घ्यावेसे वाटतात. गेल्या दिवाळीत तो आला तेव्हा घरी पाहुणे होते. माझा आठ वर्षांचा नातू ताटावर बसला होता. एका पाहुण्याने त्याच्या हातात चेंडू दिला आणि म्हणाला, "चल रे अंगणात, पाहू तुझा हात कसा आहे ते." मी बोलण्याच्या आतच हा पुढे झाला, नातवाच्या हातून चेंडू हलकेच काढून घेतला आणि म्हणाला, "त्याले आधी जेवू द्या, गुरुजी."

पाहुणे हसले. मला हसू आले नाही. यंदाच्या दिवाळीत तुमच्याही अंगणात एखादा चेंडू पडलेला असेल. पोर आपण होऊन उठेपर्यंत तो तिथेच पडू द्या.