रूळ नसलेल्या गावातलं इंजिन

गडहिंग्लजला रेल्वे नाही. गाडी धरायची तर कोल्हापूर नाहीतर बेळगाव गाठायचं. तरीही या अंकाचा विषय आहे वाफेचं इंजिन, तेही टेबलावर मावणारं!

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय १९९८ मध्ये खुलं झालं. ते पाहून आलेलं पोर पुठ्ठ्याचं इंजिन करतंच. पुढची पायरी अवघड. १:८७ या प्रचलित प्रमाणात आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज सव्वाएकोणीस मिलिमीटर भरतो. बाजारात मिळणारे रूळ मात्र साडेसोळाचे. मीटरगेजवाल्याचं नशीब बरं. साडेअकरा हवेत, बारा मिळतात. १८९१ चा कोल्हापूर-मिरज मार्ग १९७१ पर्यंत मीटरगेजच होता, तेव्हा आपल्या भागातल्या छंदिष्टांनी तिकडेच वळावं, हा माझा थोडा स्वार्थी सल्ला.

पितळी पत्रा कापून, कानस मारून, डाख देऊन बॉयलर उभा राहतो. खरी परीक्षा रंगाची. चकचकीत काळा दिला की झालं खेळणं. मंद काळा, धुराड्याभोवती काजळी, टाकीखाली पाण्याचे पांढुरके ओघळ, चाकांवर तेलकट धूळ, एवढं साधलं की इंजिन राबलेलं दिसतं. चाकं जोडणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांत मात्र रंग जाऊ देऊ नका, चाकं अडतात.

कुणाच्या घरी मीटरगेजच्या काळातला कोल्हापूर स्टेशनचा फोटो असेल, तर त्याची प्रत आम्हाला जरूर पाठवा. काजळी नेमकी कुठं धरायची, ते त्यावरूनच कळेल.