तोंडी नकार घेऊन परतू नका

संजय गांधी निराधार योजनेतले दिव्यांगांचे अनुदान दरमहा 1,500 वरून 2,500 रुपये करण्याचा निर्णय 2025 मध्ये झाला. तेव्हापासून बारामती-इंदापूरच्या कार्यकर्त्यांची पत्रे वाढली आहेत आणि बहुतेकांत तक्रार एकच आहे. ‘बसत नाही म्हणाले.’ कोण म्हणाले, कोणत्या नियमात बसत नाही, याचा कागद एकाही पत्रासोबत नाही.

खरी अडवणूक इथेच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 59 ने, या अनुदानासाठी लागणाऱ्या दिव्यांगत्व प्रमाणपत्राच्या निर्णयावर अपिलाचा हक्क दिला. 2017 च्या नियमांनी अपिलाला 90 दिवस आणि निकालाला 60 दिवसांची मुदत घातली. निकाल बाजू ऐकून, कारणांसह द्यायचा आहे. मात्र अपिलाला प्रमाणपत्राची किंवा नामंजुरीच्या पत्राची प्रत जोडावी लागते. पत्रच दिले नाही, की अपील खिडकीवरच मेले. नीरा नरसिंहपूरहून किंवा सुप्याच्या जिराईत पट्ट्यातून माणूस रोजगार बुडवून, सोबत्याचेही भाडे भरून येतो. त्याला दोन शब्दांत वाटेला लावणे हा अन्याय आहे. नकाराची कारणे लेखी कळवणे नियमानेच बंधनकारक आहे.

आता आपल्याविषयी. टक्केवारीची तक्रार घेऊन तहसील कचेरीत खेटे घालणारे कार्यकर्ते आजही आहेत. तहसीलदार टक्के वाढवू शकत नाहीत. उत्पन्नाच्या किंवा रहिवासाच्या दाखल्यावर अर्ज अडला, तर भांडण तहसीलशी. दिव्यांगत्व अनुदानाला लागणाऱ्या 40 टक्क्यांच्या खाली आले, तर अपील प्रमाणपत्रावर. आणि हाती आलेल्या प्रमाणपत्रातली आकडेमोड किती जण तपासतात? पायाचे 30 आणि कानाचे 20 टक्के एकत्रीकरणाच्या सूत्राने 43.33 होतात. कानाची तपासणी नोंदलीच नाही, तर तोच माणूस 30 वर अडकतो आणि अनुदानाला मुकतो. असे अपील एका पानात मावते.

तेव्हा प्रत्येक अर्जाची पोच घ्या. नकार आला, तर तिथेच लेखी मागा. देत नसतील, तर मागणीचा अर्ज आवक विभागात देऊन शिक्का घ्या. तहसीलमधली नामंजुरी असेल, तर योजनेच्या समितीच्या निर्णयाची प्रत माहिती अधिकारात मागा. प्रमाणपत्राच्या निर्णयाची तारीख वहीत लिहा आणि 90 दिवस मोजायला त्याच दिवशी सुरुवात करा. मुदत आपल्या हातून टळली, तर दोष कचेरीला देता येणार नाही.