पोपट बोलतो, ऐकतो कोण?

अर्थ न समजता घडाघडा बोलणाऱ्याला आपण 'पोपटपंची करतो' म्हणून हिणवतो. आम्ही शाळामास्तर तर हा शब्द दिवसातून दहादा उच्चारतो. पण एका निष्पाप जातीची इतकी बदनामी दुसऱ्या कुठल्याही शब्दाने केली नसेल! हे गाऱ्हाणे ऐन दिवाळीत मांडण्याचे कारण असे की, मुलांना भेट म्हणून पिंजरा आणण्याची हौस याच दिवसांत उचल खाते.

पूर्वी त्या पिंजऱ्यात आपला राघू असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी पोपट पकडणे, विकणे, पाळणे आज गुन्हा आहे. मग हौशी मंडळींनी काय केले? पिंजरा मोडला नाही. आतला कैदी तेवढा बदलला! आता तिथे दक्षिण अमेरिकेचा कोन्युर येऊन बसला आहे. त्यातला सन कोन्युर म्हणजे झेंडूच्या फुलाला पंख फुटावेत तसा पिवळाकेशरी. त्याचे मूळ घर गयाना आणि उत्तर ब्राझील. बाजारासाठी त्याला तिथे इतके पकडले की, २००८ पासून जागतिक यादीत तो संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. आपल्याकडे मात्र २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी नोंद केली की मालक निर्धास्त! कायद्याचे समाधान झाले, पक्ष्याचे काय?

"तो पिंजऱ्यातच जन्मला, त्याला रान काय ठाऊक?" असे विचारले जाते. तुरुंगात जन्मलेल्या मुलाविषयी हेच बोलण्याची आपली छाती होईल काय? हा पक्षी थव्याचा. नजरेआड झालेल्या सोबत्याला हाक मारायची आणि उत्तराची वाट पाहायची, हे तो अंड्यातूनच घेऊन येतो. घरात त्याचा थवा म्हणजे तुम्ही. तुम्ही कचेरीला निघता, तो कर्कश ओरडतो आणि तुम्ही पिंजऱ्यावर चादर टाकता! उत्तर मिळेनासे झाले की कित्येक पक्षी स्वतःचीच पिसे उपटू लागतात.

कोस्टारिकातल्या नारिंगी कपाळाच्या कोन्युरांचा अभ्यास करताना संशोधकांना एक विलक्षण गोष्ट आढळली. थव्यातल्या एखाद्याला उद्देशून बोलायचे असेल, तर हा पक्षी त्याचीच हाक हुबेहूब काढतो. म्हणजे त्यांच्यात नक्कल करणे हेच नाव घेऊन हाक मारणे! आपण ज्याला पोपटपंची म्हणून हसतो, ती कदाचित आपल्याला मारलेली हाक असेल. "आमचे त्याच्यावर फार प्रेम आहे" असे पाहुण्यांना सांगत त्याला कोपऱ्यात एकटा टांगून ठेवणे, याला मात्र मी खुशाल पोपटपंची म्हणतो.

"मग सोडून द्यावा काय?" मुळीच नाही. परक्या मुलखात अन्न कसे शोधायचे, शिकाऱ्यापासून जीव कसा वाचवायचा, हे त्याला कोणी शिकवलेले नाही. पश्चात्तापाने उघडलेले दार हा दुसरा क्रूरपणा होईल. ज्यांच्या घरी तो आहे, त्यांनी त्याला रोज काही तास सोबत द्यावी. पंखा बंद करून, दारे लावून खोलीत उडू द्यावे. एकसारख्या दांड्यांऐवजी कमीजास्त जाडीच्या फांद्या बसवाव्यात. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर न ठेवता भाजी-फळे द्यावीत आणि दहा-बारा तास अंधारात निवांत झोपू द्यावे. फटाक्यांच्या रात्री त्याला आतल्या खोलीत न्यावे. स्वयंपाकघरात तर ठेवूच नये, कारण न चिकटणारी कढई फार तापली, तर तिच्या वाफेने तो काही मिनिटांत प्राण सोडू शकतो. आणि त्याने हाक मारली की ओ द्यावी.

एवढी सवड नसेल, तर पिंजरा आणूच नये. नीट सांभाळलेला कोन्युर वीस-पंचवीस वर्षे जगतो. चौथीतल्या मुलाला आणून दिलेला पक्षी त्याच्या लग्नातही ओरडत असेल. तेव्हा त्याला ओ कोण देणार?

मुलांना पोपटच दाखवायचा असेल, तर संध्याकाळी गच्चीवर न्या. राघूंचे थवे ओरडत मुक्कामाच्या झाडाकडे जातात. त्या ओरडण्यात कोण कोणाला साद घालतो, हे मुलांना कान देऊन ऐकू द्या. या भेटीला पैसा पडत नाही आणि कोणाच्या पायात साखळीही पडत नाही.