मस्कतच्या मुलांना झांझिबार सांगायला हवं

मत्राहच्या बाजारात अरबी, बलुची, हिंदी, मल्याळम अशा बोलींच्या गलबल्यात मधूनच एक वेगळी भाषा कानावर येते. बोलणारे ओमानीच असतात, अंगात दिशदाशा आणि डोक्यावर भरतकामाची टोपी. पण भाषा अरबी नसते. ती स्वाहिली असते. ह्या माणसांचे आईवडील किंवा आजीआजोबा झांझिबारहून आले. जानेवारी १९६४ मध्ये तिथं उठाव झाला, सुलतान पळाला, हजारो अरब मारले गेले आणि उरलेल्यांतले अनेक परागंदा झाले. १९७० मध्ये सुलतान काबूस गादीवर आल्यावर त्यांतली पुष्कळ कुटुंबं ओमानला आली आणि आपली भाषा बरोबर घेऊन आली.

मस्कतमधलं मराठी मूल ह्या भाषेच्या शेजारी दहा-पंधरा वर्षं वाढतं. भारतीय शाळेत शिकतं, बारावी करतं आणि पुण्यामुंबईला कॉलेजात जातं. आपण ज्या देशात वाढलो त्या देशाची राजधानी एके काळी आफ्रिकेच्या बेटावर होती, हे त्याला बहुधा ठाऊक नसतं. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेतला एखादा गुण जाईल एवढ्यापुरती ही गोष्ट असती तर मी लेखणी उचलली नसती. आफ्रिका म्हणजे पोकळी आहे, असं मनात धरून ही मुलं मोठी होताहेत. अशी पोकळी रिकामी राहत नाही. तिच्यात तुच्छता भरते.

आमच्या मुलांच्या हाती असलेल्या इतिहासात आफ्रिका कुठं कुठं भेटते ते पाहा. गांधीजींना १८९३ मध्ये पीटरमॅरिट्झबर्गला गाडीतून उतरवलं, तिथं ती भेटते. पण त्या स्थानकाबाहेर राहणारे, त्या देशाचे मूळ रहिवासी, चित्रात नसतात. सीबीएसईच्या नववीत चराऊ जमातींच्या धड्यात मसाई येतात. दहावीत 'जागतिक जगाच्या घडणी'च्या धड्यात युरोपीय सत्तांनी केलेली आफ्रिकेची वाटणी आणि १८९० च्या दशकातली गुरांची साथ येते. इरिट्रियावर चालून गेलेल्या इटालियन सैन्याच्या पोटासाठी ब्रिटिश आशियातून आणलेल्या जनावरांबरोबर तो रोग खंडात शिरला आणि आफ्रिकेतल्या दहांपैकी नऊ गुरांचा त्यानं बळी घेतला. धडा उत्तम आहे. पण अलीकडच्या वर्षांत त्याचा हा भाग बोर्डाच्या लेखी परीक्षेतून काढून प्रकल्पाकडे वळवला गेला. प्रकल्प म्हणजे काय होतं ते प्रत्येक पालक जाणतो. छापील चित्रं चिकटवली जातात आणि वही कपाटात जाते. महाराष्ट्र बोर्डाच्या नववी-दहावीत तर आफ्रिकेचा इतिहास असा जवळजवळ नाहीच. म्हणजे ज्या वयात मुलाच्या मनात जगाचा नकाशा पक्का होतो, त्याच वयात एक अख्खं खंड त्यातून गळून पडतं.

आणि हे ओमानमध्ये घडतं, जिथं तो इतिहास उंबऱ्याशी आहे.

१६५० मध्ये ओमानी लोकांनी पोर्तुगीजांना मस्कतमधून हुसकावलं आणि मग त्यांचा पाठलाग आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत केला. मोंबासाचा किल्ला, फोर्ट जीझस, १६९८ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर पडला. त्या किल्ल्याचा कारभार गोव्याहून चाले आणि त्याला कुमकही गोव्याहूनच जाई. कोकणच्या माणसाला हे समुद्र परके नव्हते. हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्यावर गलबतं आफ्रिकेकडे जायची आणि नैर्ऋत्येचा वारा सुटला की परतायची. वाऱ्याचं हे वेळापत्रक ओमानच्या सूर बंदरात जसं पाठ होतं, तसंच ते आपल्या बंदरांतही होतं.

एकोणिसाव्या शतकात सय्यद सईद बिन सुलतान ह्यानं आपला दरबार झांझिबारला हलवला. १८४० च्या सुमारास ते बेट राजधानी झालं होतं. लवंगांच्या बागा लागल्या, हस्तिदंताचा व्यापार फोफावला आणि ह्या दोहोंच्या मुळाशी गुलामांचे कष्ट होते. ह्या सुलतानाचं 'सुलताना' हे जहाज १८४० मध्ये न्यूयॉर्कला जाऊन आलं. ते बांधलं गेलं होतं मुंबईत, माझगावला. त्याची 'लिव्हरपूल' नावाची ७४ तोफांची युद्धनौकासुद्धा मुंबईच्या गोदीत वाडियांच्या हाताखाली तयार झाली. पुढं ती त्यानं इंग्लंडच्या राजाला भेट दिली. सईद वारल्यावर दोन मुलांत तंटा झाला, तेव्हा १८६१ मध्ये निवाडा केला तो भारताचा व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग ह्यानं. त्यानं झांझिबार आणि मस्कत वेगळे केले. ओमानमध्ये तर १९७० पर्यंत व्यवहार रुपयांत चालत. मुलांना एवढंच सांगून पाहावं की स्वाहिलीत लाखाला 'लाकी' म्हणतात, गाडीला 'गारी', विम्याला 'बिमा' आणि चपातीला चपातीच. वर्ग जागा होतो.

पण गोष्ट इथं थांबवली तर ती केवळ जहाजांची आणि लवंगांची सुगंधी गोष्ट होईल, आणि ते खोटं ठरेल. झांझिबारच्या जकातीचा मक्ता अनेक दशकं जयराम शिवजी ह्या कच्छी भाटिया पेढीकडे होता. लवंग, हस्तिदंत आणि किनाऱ्यावर उतरणारा गुलाम, तिन्हींवर जकात होती. आत खंडात जाणाऱ्या काफिल्यांना भांडवल पुरवणाऱ्यांत हिंदी सावकार आघाडीवर होते. अनेक हिंदी घरांत गुलाम होते. मुंबईच्या लष्करातला अधिकारी ख्रिस्तोफर रिग्बी १८५८ मध्ये तिथं ब्रिटिश वकील म्हणून गेला, तेव्हा हिंदी लोकांच्या मालकीचे हजारो गुलाम त्यानं मुक्त करवले. ती घरं हिंदूंची होती, तशीच मुसलमानांचीही.

ही बाब मी मुद्दाम ठळक मांडतो आहे, कारण वर्गात जी चूक होते ती गाळण्याचीच असते असं नाही. दुसरी, अधिक विषारी चूक अर्धं सांगण्याची. अरबांनी गुलामांचा व्यापार केला हे सत्य आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. पण हल्ली मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत हे सत्य एका धर्माला झोडपायची काठी म्हणून वापरलं जातं. मूल तेच घेऊन शाळेत येतं. त्याला जकातीचा मक्तेदार कोण होता हे कुणी सांगितलेलं नसेल, तर ते त्या काठीलाच इतिहास समजेल. उलट, सारा दोष युरोपच्या माथी मारून मोकळं होणारी सोयीची मांडणीही तितकीच अपुरी आहे. हिंदी महासागरातल्या ह्या व्यापारात पैसा, जहाज, तलवार आणि गिऱ्हाईक वेगवेगळ्या किनाऱ्यांचं होतं. आपला किनारा त्यांपैकी एक होता.

बार्टल फ्रिअरचं उदाहरण वर्गात घ्यावं असं मला नेहमी वाटतं. मुंबईचा हा गव्हर्नर. फ्लोरा फाउंटनला आधी त्याचंच नाव द्यायचं ठरलं होतं. १८७२ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करायचा तह मिळवण्यासाठी त्याला झांझिबारला पाठवलं. सुलतान बरगश तयार होईना. शेवटी आरमारी कोंडीची धमकी देऊन जून १८७३ मध्ये तह झाला आणि गुलामांचा बाजार बंद पडला. हाच फ्रिअर सहा वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत झुलूंवर युद्ध लादणारा मुख्य माणूस होता. मुक्तिदाता की आक्रमक, असा प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलापुढं ठेवा आणि त्याला घाईनं उत्तर देऊ देऊ नका. जगाचा इतिहास शिकवणं म्हणजे बव्हंशी हेच.

आणि नाशिक. ब्रिटिश आरमारानं गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवली जात. त्यांतल्या अनेकांना नाशिकजवळ शरणपूरला मिशनच्या वसाहतीत ठेवलं, शिकवलं. १८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टननं इथून नऊ तरुण आपल्या अखेरच्या मोहिमेसाठी निवडले. मागाहून गेलेल्या तुकडीत नाशिकचाच जेकब वेनराइट होता. मे १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याच्या दफनाची प्रार्थना जेकबनं वाचली आणि झाडावर त्याचं नाव कोरलं. लिव्हिंग्स्टनच्या साथीदारांनी त्याचं शव शेकडो मैल चालत किनाऱ्याला आणलं. पुढं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटी उचलणाऱ्यांत जेकब होता. नाशिकहून परतलेल्या अशाच काहींची वस्ती मोंबासाजवळ झाली आणि तिला फ्रिअरटाउन नाव पडलं. माझ्या ओळखीच्या नाशिककरांपैकी फार थोड्यांना हे माहीत आहे. त्यांना दोष देता येत नाही, कुणी सांगितलंच नाही.

मलिक अंबरचं तसंच. खडकी वसवणारा, महसुलाची घडी बसवणारा, १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांना एकत्र धूळ चारणारा निजामशाहीचा वजीर आपल्या मुलांना ठाऊक असतो. तो इथिओपियात जन्मला आणि लहानपणी विकला गेला, हे एका ओळीत उरकतं. त्याच्या देशाचं नाव, हबश, आपल्या भाषेत 'हबशी' होऊन राहिलं आणि कालांतरानं शिवी झालं. शाळेच्या बसमध्ये काळ्या वर्णाच्या मुलाला हा शब्द ऐकवला जातो. ऐकवणाऱ्याला माहीत नसतं की ज्यानं दौलताबाद राखलं त्याचं हे विशेषण होतं.

तुच्छतेचं पुढं काय होतं ते आपण पाहिलं आहे. २०१६ मध्ये बंगळुरूला टांझानियाच्या विद्यार्थिनीवर जमाव तुटून पडला. त्याच वर्षी दिल्लीत कांगोच्या तरुणाला ठार मारलं गेलं. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना एका मॉलमध्ये खुर्च्यांनी मारलं. पुण्यात आफ्रिकी विद्यार्थी मोठ्या संख्येनं येतात, आणि मस्कतची आपली मुलं त्यांच्याच शेजारच्या बाकावर बसणार आहेत. हात उगारणारे सगळे अशिक्षित नव्हते. शाळेतून बाहेर पडलेलीच ती माणसं होती, आणि शाळेनं त्यांना ह्या विषयावर काहीही दिलं नव्हतं.

शिक्षक म्हणतात, आपण इथं पाहुणे. यजमानांच्या घरातली गुलामगिरीची गोष्ट आपण कशाला काढायची? ह्या संकोचाचा मला आदर आहे. १९६४ ची जखम अनेक ओमानी घरांत अजून ओली आहे आणि ओमानमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली तीच मुळी १९७० मध्ये. पण ओमानी लेखकांनी स्वतःच हे मौन मोडलं आहे. जोखा अल्हार्थी ह्यांच्या कादंबरीत गुलामगिरीची सावली पडलेली ओमानी घरं आहेत, आणि २०१९ मध्ये तिच्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. झांझिबारमध्ये जन्मलेले आणि उठावानंतर देश सोडावा लागलेले अब्दुलरझाक गुर्ना २०२१ मध्ये नोबेलचे मानकरी झाले. त्यांच्या कथांत अरब आहेत, आफ्रिकी आहेत आणि हिंदी सावकारही आहेत. यजमान बोलू लागले असताना पाहुण्यांनी, तेही ज्यांचे पूर्वज त्या व्यवहारात भागीदार होते त्यांनी, गप्प राहणं ही सभ्यता नव्हे.

वेळ नाही, ही दुसरी सबब. ती मी मान्य करत नाही. पुस्तक बदलायची वाट पाहायला नको. जो धडा प्रकल्पाकडे ढकलला गेला आहे, तो प्रकल्पच मस्कत-मुंबई-झांझिबार असा घ्यावा. अलम राजवाड्यासमोरच्या राष्ट्रीय संग्रहालयात सागरी इतिहासाचं दालन आहे. सूरला १९५१ मध्ये बांधलेलं 'फतह अल खैर' हे गलबत उभं आहे. ज्या ओमानी कुटुंबांत आजी स्वाहिली बोलते, तिथं मुलांना विनयानं बसू द्यावं आणि ऐकू द्यावं. किल्वाची नाणी, ग्रेट झिम्बाब्वेच्या दगडी भिंती, १३२४ मध्ये सोनं उधळत हजला गेलेला मालीचा मन्सा मुसा, हेही त्यांना आधी कळू द्यावं. आफ्रिकेची ओळख साखळदंडापासून सुरू झाली, तर मूल त्या माणसाला कायम साखळदंडातच पाहील.

आपल्या मराठी मंडळांत गणेशोत्सव होतो, शिवजयंती होते, मुलांच्या वक्तृत्व स्पर्धा होतात. आरमारावर भाषणं होतात, जंजिऱ्यावरही होतात. यंदा एक विषय मलिक अंबरचा ठेवा आणि एक जेकब वेनराइटचा. मुलांना बोलू द्या. त्यांना पडलेल्या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला येत नसतील, तर त्यांच्याबरोबर बसून शोधा.