बर्फातले सोने आणि पडद्यावरचे चेहरे

सदर : पडद्यावरचे जग



काउबॉयचा सिनेमा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? तापलेली वाळू, घोडे, कमरेला पिस्तूल आणि सोन्यासाठी एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसे. १९६९ चा 'मॅकेनाज गोल्ड' आपल्याकडे टॉकीजमधून वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा लागत असे. तो पाहिलेली मंडळी आज आजोबा झाली असतील. पण ह्याच प्रकारात काही सिनेमे असे आहेत की त्यांत वाळूऐवजी बर्फ आहे, घोड्याऐवजी कुत्र्यांची गाडी आहे आणि शेरीफऐवजी लाल कोटातला पोलीस आहे. ते घडतात कॅनडात, पण काढले आहेत इटली, जर्मनी, इंग्लंड अशा युरोपातल्या देशांनी. आज जुने सिनेमे मोबाईलवरही सापडतात आणि घरातली मुले ते बघतात. म्हणून ह्या सिनेमांची ओळख आज करून घेऊ. त्यांत काय दाखवले आहे ते पाहू आणि काय वगळले आहे तेही पाहू.

पहिला प्रश्न साधा आहे. इटलीच्या माणसाला कॅनडाचा सिनेमा काढायची गरज काय पडली? उत्तर धंद्याचे आहे. १९६० नंतरच्या दहा वर्षांत इटलीने काउबॉय सिनेमांचा कारखानाच उघडला होता. स्पेनच्या अल्मेरिया भागातली रखरखीत जमीन अमेरिका म्हणून दाखवायची, दोन-तीन देशांच्या निर्मात्यांनी पैसा घालायचा, प्रत्येक देशाचे थोडे थोडे नट घ्यायचे आणि संवाद नंतर स्टुडिओत भरायचे, अशी ती पद्धत होती. १९७० नंतर लोकांना त्याच त्या वाळूचा कंटाळा येऊ लागला. तेव्हा निर्मात्यांची नजर बर्फाकडे वळली. बर्फ युरोपात फुकट होता. सेर्जिओ कोर्बुच्चीने १९६८ च्या 'द ग्रेट सायलेन्स'मध्ये इटलीतल्या डोलोमाइट डोंगरांचा बर्फ अमेरिकेचा म्हणून दाखवलाच होता. त्याच्याही आधी, १९५७ साली, इंग्लंडच्या 'कॅम्पबेल्स किंगडम'ने ह्याच डोंगरातल्या कोर्तिना गावाजवळ कॅनडाचे रॉकी पर्वत उभे केले होते.

गोष्टही तयार होती. अमेरिकन लेखक जॅक लंडन १८९७ साली सोन्याच्या शोधात क्लोंडाइकला गेला. तिथे त्याला सोने मिळाले नाही, हिरड्या सडवणारा स्कर्व्हीचा आजार मात्र मिळाला. त्या अनुभवावर त्याने १९०३ मध्ये 'द कॉल ऑफ द वाइल्ड' आणि १९०६ मध्ये 'व्हाइट फँग' ह्या कादंबऱ्या लिहिल्या. पहिलीवर १९७२ साली इंग्लंड, जर्मनी, स्पेन, इटली आणि फ्रान्स अशा पाच देशांच्या भागीदारीत सिनेमा निघाला. नायक होता चार्ल्टन हेस्टन आणि कॅनडाचे युकॉन म्हणून पडद्यावर दिसला तो नॉर्वेचा मुलूख. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, इटलीच्या लुचिओ फुल्चीने 'व्हाइट फँग' काढला. फ्रँको नेरो आणि व्हिर्ना लिझी ही त्यातली मोठी नावे. तो इतका चालला की १९७४ मध्ये त्याचा दुसरा भाग निघाला आणि पाठोपाठ नकलाही निघाल्या.

फुल्चीच्या सिनेमाची गोष्ट मुलांना आवडेल अशी आहे. सोन्याने पिसाळलेल्या डॉसन गावात ब्युटी स्मिथ नावाचा बदमाश खाणमजुरांना लुबाडतो. एक पत्रकार-लेखक आणि एक सेवाभावी नन त्याच्याविरुद्ध उभे राहतात. ह्यात एक मूळनिवासी मुलगा आहे. तो बर्फाखालच्या पाण्यात बुडत असताना लांडग्याच्या रक्ताचा कुत्रा त्याला वाचवतो. गरिबाला नाडणारा हरतो, ही गोष्ट आपल्यालाही पटते. पण बघताना एक लक्षात ठेवा. मूळनिवासी माणूस ह्या गोष्टीत दुःख भोगायला आहे, निर्णय घ्यायला नाही. वाचवणारे हात दुसऱ्याचे आहेत आणि वाचवलेला तो आहे.

आता खरा इतिहास काय सांगतो ते पाहा. क्लोंडाइकचे सोने १८९६ च्या ऑगस्टमध्ये सापडले. ज्या ओढ्यात सापडले त्याला पुढे बोनान्झा क्रीक हे नाव पडले. तिथे त्या दिवशी टागिश समाजाची माणसे होती. केइश, म्हणजे ज्याला गोरे लोक स्कूकम जिम म्हणत. त्याचा भाचा डॉसन चार्ली. आणि केइशची बहीण शा त्ला, म्हणजे केट. चौथा होता केटचा गोरा नवरा जॉर्ज कार्मॅक. सोने प्रथम केइशला दिसले असे टागिश लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. पण सोने शोधणाऱ्याला नियमाप्रमाणे जो एक जादा क्लेम मिळे, तो लागला कार्मॅकच्या नावावर. 'इंडियन माणसाच्या नावावर शोध लावला तर अधिकारी मानणार नाहीत,' हे त्याचे कारण. सोने ज्याच्या पायाखाली होते त्याचेच नाव पहिल्या ओळीत नाही!

केटची कथा तर प्रत्येक बहिणीने ऐकावी. सोने हाती आल्यावर कार्मॅकने १९०० साली तिला सोडले आणि दुसरे लग्न केले. तिने दाद मागितली, पण सोन्याच्या संपत्तीत तिला वाटा मिळाला नाही. ती भावाच्या आधाराने कारक्रॉस ह्या गावी राहिली आणि १९२० मध्ये तापाच्या साथीत गेली. कॅनडाच्या खाण-उद्योगाच्या सन्मान यादीत तिचे नाव आले २०१९ साली. तिच्या भावाचे आणि नवऱ्याचे नाव त्यात वीस वर्षे आधीच होते.

सोन्याची बातमी पसरल्यावर सुमारे १ लाख माणसे निघाली. पोचली त्यातली तीस-चाळीस हजार. कॅनडाच्या पोलिसांनी नियम केला की वर्षभराची शिधासामुग्री घेतल्याशिवाय सरहद्द ओलांडू देणार नाही. अन्न आणि अवजारे मिळून हे ओझे जवळजवळ १ टन भरे. चिलकूट खिंडीच्या उभ्या चढणीवर एवढे सामान न्यायला एकेका माणसाला तीस-चाळीस फेऱ्या माराव्या लागत. ज्याच्याजवळ पैसा होता तो हमाल लावी, आणि त्या वाटेवरचे अनुभवी हमाल म्हणजे तिथलेच मूळनिवासी. घाम कोणाचा आणि नाव कोणाचे, हे सांगायला आपल्या वाचकांना दुसऱ्याची गरज नाही.

डॉसन गाव जिथे वसले तो त्रोंडेक ह्वेचिन लोकांचा मुलूख. त्यांच्या मासेमारीच्या जागेवर गर्दी लोटली, लाकूड तोडले गेले, दारू आणि रोगराई आली. तेव्हा त्यांचे प्रमुख आयझॅक ह्यांनी आपल्या माणसांना काही किलोमीटर खाली मूसहाइड येथे हलवले. त्यांनी आणखी एक दूरदृष्टीचे काम केले. आपली गाणी आणि नाच ह्या धामधुमीत नष्ट होतील हे ओळखून त्यांनी ते अलास्कातल्या नातेवाईक समाजाकडे जपायला सोपवले. पुढे अनेक वर्षांनी नातवंडा-पतवंडांनी ती गाणी तिथून परत आणली. १९९८ साली ह्या समाजाचा सरकारशी जमीन आणि स्वशासनाचा करार झाला. २०२३ मध्ये युनेस्कोने त्यांचा हा मुलूख जागतिक वारसा म्हणून नोंदवला. गाणी ठेव म्हणून दुसऱ्या गावी ठेवणारा पुढारी! ह्यावर सिनेमा निघाला तर कुत्र्याच्या शर्यतीपेक्षा तो कमी रंगणार नाही.

दुसरा प्रकार लाल कोटातल्या पोलिसांचा. १९७५ मध्ये इटलीच्या ज्यो दामातोने 'रेड कोट' काढला. फाबिओ टेस्टी त्यात माउंटी, म्हणजे कॅनडाचा घोडेस्वार पोलीस आहे. तुरुंगातून पळालेला एक गुन्हेगार सूड म्हणून त्याच्या लहान मुलाला पळवतो, आणि बाप त्याचा बर्फातून पाठलाग करतो. बाप-मुलाची माया आहे, म्हणून गोष्ट धरून ठेवते. पोलीस मात्र नेहमीप्रमाणे धुतल्या तांदळासारखा.

प्रत्यक्षात हे दल १८७३ साली उभे राहिले. दारू विकून मूळनिवाशांना नागवणाऱ्या व्यापाऱ्यांना त्याने आवर घातला, हे खरे आहे. सू लोकांचे पुढारी सिटिंग बुल १८७७ मध्ये अमेरिकन सैन्यापासून वाचण्यासाठी कॅनडात आले, तेव्हा पोलिसांनी त्यांच्याशी माणुसकीने बोलणी केली, हेही खरे. पण सरकारने त्यांना जमीन दिली नाही, अन्न दिले नाही, आणि भुकेने हैराण होऊन १८८१ मध्ये त्यांना परत जावे लागले. १८८५ च्या उठावानंतर तर मूळनिवासी माणसाला स्वतःच्या वस्तीबाहेर पाऊल टाकायला अधिकाऱ्याचा पास लागू लागला. त्या पासला कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता, तरी लाल कोटवाले तो तपासत. पुढे मूळनिवासी मुलांना घरातून काढून निवासी शाळांत कोंडण्याचे धोरण आले. त्यातही पोलिसांची मदत घेतली गेली. बहुतेक शाळा चर्चने चालवलेल्या. केट जिथे राहत होती त्या कारक्रॉसमध्येही अशी शाळा होती. देशभरातून सुमारे दीड लाख मुले ह्या शाळांतून गेली. त्यांना आपली भाषा बोलायची बंदी होती. कित्येक घरी परतलीच नाहीत. २००८ साली कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत ह्याची माफी मागितली. हे ठाऊक झाल्यावर फुल्चीच्या सिनेमातली प्रेमळ नन आपण जरा वेगळ्या नजरेने बघतो. नन वाईट होत्या असे कोणी म्हणत नाही. पण पडद्याने गोष्टीची एकच बाजू दाखवली, एवढे नक्की.

इंग्लंडच्या दोन सिनेमांचा उल्लेख केला पाहिजे. १९६६ चा 'द ट्रॅप' आपल्या भगिनींनी पाहण्यासारखा आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या जंगलातला एक रांगडा फासेपारधी, म्हणजे सापळे लावून जनावरे धरणारा शिकारी, बायको विकत घ्यायला गावात येतो. व्यापाऱ्याची बायको घरातली आश्रित मुकी पोरगी त्याच्या गळ्यात मारते आणि पैसे घेते. मुलीला कोणी विचारत नाही, आणि तिला 'नाही' म्हणायला वाचाही नाही. पुढे ह्या शिकाऱ्याचा पाय सापळ्यात अडकून सडतो. तेव्हा तोच पाय कापून त्याचा जीव वाचवते ती ही मुकी पोरगी. रीटा टशिंगहॅमने एकही शब्द न बोलता हे काम केले आहे. बाजारात विकली गेलेली मुलगी माणूस म्हणून उभी राहते, हे ह्या सिनेमात दिसते.

दुसरा 'ग्रे आउल', १९९९ चा. दिग्दर्शक 'गांधी'वाले रिचर्ड अ‍ॅटनबरो. ही खऱ्या माणसाची गोष्ट. १८८८ साली इंग्लंडच्या हेस्टिंग्ज गावात जन्मलेला आर्ची बेलानी कॅनडात गेला आणि इंडियन म्हणून राहू लागला. जंगल आणि बीव्हर प्राणी वाचवा असे सांगत त्याने व्याख्याने दिली. तो १९३८ मध्ये वारला, आणि मग त्याचे खरे कुळ सर्वांना कळले. त्याचे काम चांगले होते, ह्यात वाद नाही. पण विचार करा, मूळनिवाशांचे म्हणणे जगाने ऐकले ते गोऱ्या माणसाने पिसे लावल्यावर. खरे पिसे लावणारे तेच सांगत होते, तेव्हा श्रोते कुठे होते?

शेवटी अलीकडचा एक सिनेमा. २०१३ साली जर्मनीत 'गोल्ड' निघाला. दिग्दर्शक टोमास आर्सलान, तुर्की वडिलांचा मुलगा. म्हणजे देश सोडून पोटासाठी येणाऱ्यांचे जगणे त्याला घरातूनच ठाऊक. १८९८ च्या उन्हाळ्यात काही गरीब जर्मन स्थलांतरित डॉसनला निघतात. त्यांत एमिली नावाची, लोकांघरी धुणीभांडी-साफसफाई केलेली बाई आहे. नीना होसने ती भूमिका केली आहे. वाटाड्या ठग निघतो, एकेक सोबती गळतो. ह्यात सोन्याचा ढीग नाही. आहे ती फक्त वाट आणि थकलेली माणसे. हा सिनेमा बर्फाच्या स्टुडिओत नाही, खुद्द ब्रिटिश कोलंबियात चित्रित झाला. सोन्याच्या गर्दीतले बहुतेक लोक लुटारू नव्हते, तेही नाडलेले कष्टकरी होते, हे तो सांगतो. एका गरिबाच्या आशेखाली दुसऱ्या गरिबाची जमीन जाते, हा ह्या साऱ्या गोष्टीचा गाभा आहे.

मग हे सिनेमे मुलांना दाखवू नयेत का? जरूर दाखवा. थोरामोठ्यांनी सोबत बसून दाखवा. फक्त सिनेमा संपल्यावर तीन प्रश्न विचारा. ही जमीन आधी कोणाची होती? सामान कोणी वाहिले? आणि मूळनिवासी माणसाला ह्या गोष्टीत नाव आहे का, का तो नुसता 'इंडियन' आहे? मुले ह्या प्रश्नांची उत्तरे आपल्यापेक्षा लवकर देतात. ज्या मुलाला हे तीन प्रश्न विचारायची सवय लागली, त्याला पुढे कोणताही पडदा, मग तो टॉकीजचा असो, टीव्हीचा असो की मोबाईलचा, सहजासहजी फसवू शकणार नाही.