सोल्डर गेले, दुरुस्तीचे काय?

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत भोकाभोकांचा पांढरा ब्रेडबोर्ड हमखास मिळतो. इंजिनिअरिंगची मुले त्यात वायरी खोचतात, काम झाले की उपसतात. सोल्डरिंगची कटकट नाही. मात्र धक्का लागला की जोड सुटतो, म्हणून तो शिकण्यापुरताच.

कारखान्यातल्या बोर्डाची तऱ्हा निराळी. आधी सबंध पाटीवर तांबे चढवायचे, मग नको तेवढे रसायनात विरघळवायचे आणि सुटे भाग सोल्डरने पक्के करायचे. जुन्या सोल्डरमध्ये सुमारे ३७ टक्के शिसे असे. ते १८३ अंश सेल्सिअसला वितळे. युरोपने २००६ पासून बहुतेक उपकरणांत शिशाला मनाई केली. शिसेविरहित सोल्डरला २१७ अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि नाजूक भागांना ती सोसत नाही. मग सोल्डरच कशाला, असा प्रश्न निघाला. अमेरिकेतल्या जोसेफ फेल्स्टॅड यांनी २००७ मध्ये मांडलेल्या ‘ऑकम’ पद्धतीत भाग आधी मांडून ठोकळ्यात बंदिस्त करतात आणि नंतर तांब्याच्या थराने जोडतात.

कल्पना झकास आहे. पण माझी हयात बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली. बचत दिसली की खर्च कोणाच्या माथी, हे मी आधी पाहतो. सोल्डर पुन्हा वितळते, म्हणून तर कोपऱ्यावरचा कारागीर एक कपॅसिटर बदलून टीव्ही चालू करून देतो. ठोकळ्यात गाडलेला कपॅसिटर तो कसा काढणार? केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढले. तिथे सुट्या भागांची माहिती मिळेलही. ठोकळा फोडण्याची सोय नाही. कारागिराच्या हाताला शिसे लागणार नाही हे खरे, पण त्याचे गिऱ्हाईकही जाईल, आणि नवा टीव्ही आपल्याला घ्यावा लागेल.